बेजोड जोडे

बुटांच्या त्या कारखान्यात माईला ओळखत नाही असा माणूस शोधूनही सापडला नसता. चामड्याचा वास अंगात मुरलेला, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि आवाज असा खणखणीत की मशिनं चालू असतानाही शेवटच्या टेबलापर्यंत पोचावा. पॅकिंग खातं तिच्या हातात होतं. कापून, शिवून, तळ चिकटवून, पॉलिश होऊन आलेला प्रत्येक बूट शेवटी माईच्या टेबलावर यायचा आणि तिथे त्याला त्याचा जोडीदार मिळायचा. एका हातात डावा, दुसऱ्या हातात उजवा. खिडकीच्या उजेडात टाचेला टाच लावून बघायची, रंग बघायचा, शिवण बघायची, आत 'तपासले' असा शिक्का मारायचा आणि मग खोक्यात. नव्याने कामाला आलेल्या बायकांना ती पहिल्याच दिवशी सांगून टाकायची, "नवरा-बायकोचं जुळलं नाही तरी संसार होतो गं. बुटांचं जुळलं नाही तर गिऱ्हाईक दारातूनच परत फिरतं."

लोक तिला 'जोडीवाली माई' म्हणायचे आणि ती ते नाव पदवीसारखं मिरवायची. मिरवायला हक्कही होता. पोरसवदा वयात ती इथे तळांना डिंक लावायला म्हणून आली होती. डिंकाच्या वासाने डोकं भणभणायचं, बोटांची सालं निघायची. तिथून एकेक पायरी चढत ती या टेबलापर्यंत आली. तिच्या टेबलावरून विजोड जोडी बाहेर गेली असं कुणी सांगितलं असतं, तर तिने जेवण टाकलं असतं. नवरा शहर बसचा ड्रायव्हर, आता निवृत्त. तो म्हणायचा, "हिला बाजारात माणसं दिसत नाहीत, नुसते पाय दिसतात. एकदा माझ्याच मागून चालत आली अर्धा रस्ता आणि मला ओळखलं नाही. मी दुसऱ्याचे बूट घातले होते ना!"

कारखाना थोरल्या साहेबांकडून धाकट्या साहेबांकडे आला तेव्हा बरंच काही बदललं. नवीन दिवे लागले, नवीन मशिनं आली, आणि एके दिवशी एक नवीन मॅडम आल्या. त्यांच्या खोलीच्या दारावर पाटी लागली, 'सामाजिक जबाबदारी विभाग'. पाटी वाचून कटिंगमास्तर म्हणाले, "म्हणजे इतके दिवस आपण बेजबाबदार होतो की काय?" झालं. त्या दिवसापासून मॅडमचं नाव 'जबाबदारी मॅडम' पडलं.

माईला त्या खात्याचं काम काय, ते ठाऊक होतं असं तिला वाटायचं. दर वर्षी कारखान्याच्या वर्धापनदिनी एक हॉल घ्यायचे, मोठा फलक लावायचे, शाळेतल्या मुलांना रांगेत उभं करून बूट वाटायचे आणि फोटो काढायचे. खोकी माईच भरून द्यायची. तेवढं एक काम आता या मॅडम बघणार, बाकी काय असणार!

पण मॅडम हॉल बघायला गेल्याच नाहीत. त्या आल्या आणि कारखाना पायी हिंडल्या. हिंडत हिंडत मागच्या बाजूला, ट्रक लागतात तिथे येऊन थांबल्या. माई बरोबर होती. हमाल खोक्यांच्या थप्प्या पाठीवर घेऊन ट्रकमध्ये चढवत होते.

"माई, हे कोण?"

"हमाल आहेत, मॅडम."

"त्यांच्या पायांत काय आहे?"

माईने पाहिलं. रोज ती या दारातून जात-येत होती, पण पाहिलं मात्र त्या दिवशी. एकाच्या चपलेचा पट्टा तारेने बांधलेला होता. एकाच्या बुटाचा तळ पुढून उघडला होता आणि चालताना जबड्यासारखा उघडझाप करत होता. तिसरा अनवाणीच होता. आणि पाठीवर काय, तर नवे कोरे बूट!

"ते आपले नाहीत, मॅडम," माई घाईघाईने म्हणाली. "कंत्राटदाराची माणसं आहेत."

"आणि खोकी कुणाची?"

बाजारातल्या परक्या पायांवर जिची नजर जायची, तिला स्वतःच्या दारातले पाय दिसले नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी या मॅडम तिला आवडल्या. पुढच्या महिन्यात सगळ्या हमालांना पुढे पोलादी टोपी असलेले जाड बूट मिळाले. कंत्राटदाराने कुरकुर केली. साहेबांनी करारातच तशी अट घालून टाकली. त्या जोड्या माईने दोनदा तपासल्या.

नंतर मॅडमनी एक समिती केली आणि कामगारांच्या बाजूने माईला घेतलं. माई बैठकीला जायची, चहा प्यायची, मान डोलवायची आणि परत यायची. आपण काय बोलणार, असं तिला वाटायचं. ते वाटणं फार दिवस टिकलं नाही.

कारखान्याच्या फाटकाशी कंपनीचं स्वतःचं एक दुकान होतं. एका दुपारी दुकानातली मुलगी धापा टाकत पॅकिंगमध्ये आली. "माई, चला लवकर! एक बाई आलीय आणि ऐकायलाच तयार नाही."

माई पदर खोचून निघाली. दुकानात चाळिशीची एक बाई उभी होती. गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती, म्हणजे काम अर्धं टाकून आलेली. हातात कापडाची मोठी पिशवी. दोन पावलं पुढे आली तेव्हा तिचं चालणं एका बाजूला झुकलं. तिने पिशवी काउंटरवर उपडी केली आणि बुटांचा ढीग पडला. सगळे कोरे. एकाच्याही तळाला माती लागलेली नव्हती.

"हे तुमचे," ती म्हणाली. "परत घ्या."

"खराब निघाले का?"

"निघतील कसे? घातलेच नाहीत." तिने खाली बोट दाखवलं. "लहानपणी आजार झाला. डावा पाय पाच नंबर राहिला, उजवा सात झाला. दर वेळी दोन जोड्या घ्यायच्या. एकीतला डावा घालायचा, दुसरीतला उजवा घालायचा, आणि राहिलेले दोन कपाटात. आता कपाटात कपडे ठेवायला जागा नाही. मी दर वेळी तुमच्या माणसांना सांगते, मला पाच-सात द्या. दर वेळी एकच उत्तर."

ते उत्तर माईच्या जिभेवर तयारच होतं, आणि ते निसटलंही. "जोडी फोडता येत नाही, बाई."

ती बाई शांतपणे म्हणाली, "मी टेलर आहे. एखाद्याचा डावा खांदा उतरता असतो. मी त्याला सांगते का, की दोन कोट शिवून घ्या, एकाची डावी बाही वापरा आणि दुसऱ्याची उजवी?"

टेलरबाईने टेप सारखी केली, पिशवी घडी घालून काखेत मारली आणि बूट तिथेच सोडून निघून गेली.

माईने तो ढीग आपल्या टेबलावर आणला. हाताला सवयच अशी, की बसल्या बसल्या ती जोड्या लावायला लागली. एकही लागेना. डावे तेवढे सात नंबरचे, उजवे तेवढे पाच नंबरचे. एक बूट उचलून तिने आत पाहिलं. 'तपासले'. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. शिक्का तिचाच. म्हणजे आपण रंग जुळवून, टाच जुळवून, कौतुकाने खोक्यात घातलेली जोडी या बाईच्या घरी जाऊन दर वेळी फुटत होती आणि निम्मी कपाटात पडत होती. आपण मात्र इथे छाती फुगवून बसलो होतो, की आपली जोडी कधी चुकत नाही.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मग बैठकीत बोल की. चहा पिण्यापुरतीच जातेस का तिथे?"

"अहो, पण साहेब काय म्हणतील?"

"नाही म्हणतील. त्याहून जास्त काय म्हणणार आहेत?"

पुढच्या बैठकीत वर्धापनदिनाच्या फलकाचा विषय चालला होता. फलक निळा करावा की हिरवा, यावर साहेब आणि छपाईवाला घोळ घालत होते. माईने बरोबर आणलेली पिशवी उचलली आणि टेबलावर रिकामी केली. निळे-हिरवे नमुने बुटांखाली दबले.

"हे काय, माई?" साहेबांनी विचारलं.

माईने सांगितलं. आवाज आधी जरा कापला, मग नेहमीसारखा खणखणीत झाला. ऐकून मॅडम पुढे सरकून बसल्या. साहेब मात्र कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "वाईट वाटतं, माई. पण दोन जोड्या फोडल्या की मागे एक अनाथ जोडी उरते. ती मी कुणाच्या पायात घालू?"

"ते मला माहीत नाही, साहेब," माई म्हणाली. "पण आत्ता ती तिच्या कपाटात आहे. आपली अडचण आपण तिच्या घरी ठेवून आलोय."

मॅडमनी वहीचं पान उलटलं. "एक जोडी करून बघू या का? फक्त एक. जमलं नाही तर नाही."

साहेबांनी मान हलवली. मान हलवली म्हणजे हो, असं समजून माई उठलीच.

तिने एका खोक्यातला पाच नंबरचा डावा घेतला, दुसऱ्या खोक्यातला सात नंबरचा उजवा घेतला, आणि फाटकाजवळच्या दुकानातल्या मुलीकडून पत्ता घेऊन स्वतः चालत टेलरबाईच्या दुकानी गेली. अरुंद बोळात अरुंद दुकान, भिंतीला लटकलेले अर्धे शिवलेले कपडे, मध्ये मशीन. टेलरबाईला आश्चर्य वाटलं. तिने बूट घेतले, दाराशी उन्हात गेली आणि दोन्ही शेजारी शेजारी धरले.

"नाही जमलं," ती म्हणाली.

"नंबर बरोबर आहेत की!"

"नंबर बरोबर आहेत. रंग बघा. हा लालसर, हा काळपट. मी दुकानात जाते तेव्हा दहा खोकी उघडायला लावते आणि उन्हात धरून रंग जुळवते, म्हणून तर दुकानदार वैतागतात. लोकांची नजर तशीही माझ्या चालण्यावर जाते हो. आता ती बुटांवरही जायची."

माईने बूट हातात घेऊन पाहिले. खरंच होतं. दुसऱ्या कुणाच्या टेबलावरून ही जोडी आली असती, तर तिनेच परत फेकली असती. पायात व्यंग आहे म्हणून या बाईला थोडं कमी चालेल, असं आपण मनातल्या मनात धरून चाललो, हे तिला तिथे उन्हात उभ्या उभ्या कळलं.

"परत येते," ती म्हणाली. "आणि तुम्ही म्हणाल तोवर येत राहीन."

कारखान्यात आल्यावर ती थेट कटिंगमास्तरांकडे गेली. माणूस वयाने मोठा, तोंडाने तिखट, हाताने सोन्यासारखा. चामड्याचं असं असतं, की प्रत्येक कातड्याचा रंग वेगळा. म्हणून जोडीतले दोन्ही बूट एकाच कातड्यातून शेजारी शेजारी कापायचे, तरच ते सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. म्हणजे पाच-सातची जोडी कोठारातून जुळवून भागणार नव्हतं. ती पहिल्या कापापासून जोडी म्हणूनच जन्माला यायला हवी होती.

"अगं माई, तुला समजतंय का?" मास्तर कडाडले. "एका कातड्यात दोन नंबर म्हणजे मध्येच साचा बदलायचा, मशीन थांबवायचं. मागे सगळी लाइन खोळंबणार. कुणी सांगितलेत हे नसते उद्योग?"

माईने सुस्कारा टाकला. "बरं, राहू दे. मला वाटलंच होतं, या वयात तुमच्याच्यानं नाही व्हायचं."

"कोण म्हणतं नाही व्हायचं? एका पायावर तयार आहे मी!"

बोलून गेल्यावर मास्तरांच्याच लक्षात आलं आणि दोघंही हसत सुटली. डोळे पुसत मास्तर म्हणाले, "शुक्रवारी दुपारी धार लावायला मशीन थांबतंच. त्या वेळात हातानेच कापून करू तुझे बेजोड जोडे. पण मोजमाप मी घेणार. त्या बाईला इकडे बोलाव."

टेलरबाई आली. मास्तरांनी तिची दोन्ही पावलं कागदावर आखून घेतली. तिने वाकून पाहिलं आणि त्यांची रेघ दोन ठिकाणी दुरुस्त केली. मास्तरांच्या रेघेला हात लावायची कारखान्यात कुणाची छाती नव्हती. मास्तरांनी तिची रेघ बघितली, आपली बघितली, आणि म्हणाले, "बरोबर आहे. कापड कापता ना? दिसतंय."

त्या शुक्रवारी जोडी झाली. कातडं एक, दोरा एक, पॉलिश एक. शनिवारी टेलरबाईने पॅकिंगच्या लांबलचक खोलीत ती पायात घातली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. बायकांनी हात थांबवले होते. चालणं झुकतं होतं ते झुकतंच राहिलं. पण पावलं ठाम पडत होती. परत येऊन तिने बूट काढले, खिडकीशी धरले आणि बराच वेळ बघत राहिली.

"किती द्यायचे?" तिने विचारलं.

दाराशी उभे असलेले साहेब म्हणाले, "एका जोडीचे. एकच जोडी आहे ना?"

माईने शिक्का उचलला. आजवर मारलेल्या शिक्क्यांतला एकही इतक्या दिमाखात उमटला नसेल.

मग चाकं फिरायला लागली. साहेबांनी ठरवलं, की ही मेहेरबानी म्हणून करायची नाही, धंद्याची रीत म्हणून करायची. कंपनीचे बूट जिथे जिथे विकले जातात तिथे कुणीही दोन पायांचे दोन नंबर सांगावेत. किंमत एका जोडीचीच. ज्याला एकच पाय आहे त्याने एकच बूट घ्यावा, निम्म्या किमतीत. दुकानदारांनी नाकं मुरडली. एक तर म्हणाला, "असली गिऱ्हाइकं वर्षाला एखादं येणार. त्यासाठी एवढा खटाटोप?" मॅडम म्हणाल्या, "येत नाहीत, कारण आपण त्यांना दर वेळी परत पाठवतो." हॉलचा, फलकाचा आणि फोटोंचा खर्च त्यांनी इकडे वळवला. शाळेची मुलंही सुटली नाहीत. फक्त आता मॅडम आणि माई आधी शाळेत जायच्या, वर्गात बसून एकेकाचे दोन्ही पाय मोजायच्या, आणि बूट गुपचूप बाकावर पोचायचे. कुणाला रांगेत उभं राहून हसावं लागायचं नाही.

बेजोड जोड्यांसाठी माईच्या टेबलावर एक फोन बसवला. पहिले काही दिवस तो गप्पच होता. मग वाजायला लागला आणि थांबेचना. एक खेळाडू पोरगी होती, तिच्या एका पायाचं हाड मोडून बसलं होतं. एका आजोबांचे पाय सुजायचे, त्यातही डावा जास्त. एका आईने विचारलं, "बाळाचा एक पाय हळू वाढतोय, तर दर सहा महिन्यांनी माप द्यायला यावं लागेल का?" माई म्हणाली, "याच. आम्हालाही कळेल, कुठवर आलाय ते."

सगळ्यात गंमत एकेरी बुटांची. एक निवृत्त कंडक्टर होते, त्यांना फक्त डावा पाय. एक मुख्याध्यापिका होत्या, त्यांना फक्त उजवा. दोघांचा नंबर एकच, दोघांनाही बंदाचे साधे बूट आवडायचे. माईने दोघांची गाठ घालून दिली आणि सुचवलं, की एक जोडी दोघांत घ्यावी, म्हणजे मागे काही उरत नाही. आणि मग सुरू झाली भांडणं.

"माई, त्यांना सांगा, यंदा काळा," कंडक्टर फोनवर म्हणायचे.

"माई, काळा मी मुळीच घालणार नाही," मुख्याध्यापिका सांगायच्या. "शाळेत सगळे शिपाई काळा घालतात. तपकिरी."

"अहो, पण त्यांनी गेल्या वर्षीही तपकिरीच घ्यायला लावला!"

घरी नवरा पोट धरून हसायचा. "तू स्थळं जुळवायचा धंदा काढलास की गं! पत्रिका बघतेस का?"

"बघते ना. पायाचा नंबर."

शेवटी त्या दोघांनी एक वर्ष काळा, एक वर्ष तपकिरी असा तह केला, आणि तो मोडला जाऊ नये म्हणून एकमेकांचा फोन नंबरही मागून घेतला.

काम वाढलं तशी शुक्रवारची दुपार पुरेना. मास्तरांनी आपल्या हाताखालच्या दोघांना तयार केलं. आणि साहेबांच्या लक्षात एक गोष्ट आली, ती त्यांनी स्वतः येऊन माईला सांगितली. "माई, एक पाय दुकानात आला की मागून सगळं घर येतं. मुलं, नवरा, सासू, सगळे आपलेच बूट घेतात. मी धर्मादाय समजत होतो, हा तर चांगला धंदा निघाला."

"चांगला धंदा आणि चांगलं काम या दोघांचा नंबर एकच असतो, साहेब," माई म्हणाली. "आपण तपासून बघत नाही, एवढंच."

पण साहेबही माणूसच. यश दिसलं की डंका वाजवावासा वाटतो. त्यांनी एक जाहिरातवाला बोलावला. तो आला, चकाचक चष्मा सावरत म्हणाला, "कल्पना जबरदस्त आहे. चौकात मोठा फलक. त्या टेलरबाईचे दोन्ही पाय उघडे, शेजारी शेजारी. लोक थबकतील. डोळ्यांत पाणी येईल."

साहेबांना मोह पडला. ते मॅडमकडे बघायला लागले, मॅडम माईकडे.

"साहेब," ती म्हणाली, "तुम्ही तुमच्या आईचे पाय चौकात लावाल का?"

जाहिरातवाला म्हणाला, "अहो, पण बाईंची परवानगी घेऊ ना आपण. मोबदलाही देऊ."

"मग तिलाच विचारू," मॅडम म्हणाल्या आणि फोन लावला. टेलरबाईने सगळं ऐकून घेतलं. ती म्हणाली, "मी तुमच्याकडून बूट घेतले, पैसे दिले. हिशेब तिथेच मिटला. माझ्या पायांवर तुमचं काही राहिलेलं नाही. पण फलक हवाच असेल, तर मजकूर मी सांगते."

आणि तिने तो मजकूर फोनवरच सांगितला. साहेबांनी तो स्वतःच्या हाताने लिहून घेतला. लिहिताना त्यांचे कान लाल झाले होते, असं माई नंतर सांगायची. पण ते लिहीत राहिले, याचं तिला फार कौतुक. तोच मजकूर प्रत्येक दुकानात लागला. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं, चित्र नाही: 'दोन पाय, दोन मापं? सांगा. किंमत एका जोडीचीच.'

काही वर्षांनी दुसऱ्या एका मोठ्या बूट कंपनीची माणसं कारखाना बघायला येऊ का, असं विचारायला लागली. त्यांनाही बेजोड जोडे करायचे होते. साहेबांनी समितीत विषय ठेवला. खातेप्रमुख म्हणाले, आपली युक्ती आयती का द्यायची? साहेबांनी माईला विचारलं. आता माईला बैठकीत बोलायला कुणाच्या परवानगीची गरज उरली नव्हती.

"द्यायची," ती म्हणाली. "आपली दुकानं नाहीत अशा गावांतही पाय आहेतच ना! तिथल्या लोकांनी काय करायचं? आणि ते आपल्यापेक्षा चांगले करायला लागले, तर आपण त्यांच्याहून चांगले करू. मास्तर आहेत की."

मास्तर म्हणाले, "मी आहेच."

ती माणसं आली. मास्तरांनी एकाच कातड्यावर दोन नंबर कसे बसवायचे ते दाखवलं. मॅडमनी हमालांच्या बुटांपासून सुरुवात करून सगळी कहाणी सांगितली, हमाल का विसरायचे नाहीत तेही सांगितलं. शेवटी पाहुण्यांच्या प्रमुखाने माईच्या टेबलाशी थांबून विचारलं, "हे खातं कोण चालवतं?"

साहेब म्हणाले, "याच, जोडीवाली माई." आणि मग थोडं थांबून म्हणाले, "आमच्या कारखान्याची पत आता बुटांवर नाही राहिली. यांच्या टेबलावर आहे."

माईने तोंड खिडकीकडे वळवलं आणि हातातली जोडी उगाचच पुन्हा एकदा उजेडात धरली.

त्या वर्षी ती निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी टेलरबाई एक कोट घेऊन आली, माईच्या मापाचा, तोही मोजल्याशिवाय, नुसत्या नजरेने शिवलेला. तंतोतंत बसला. हमालांनी तिला पाठीवरून नव्हे, पण टाळ्यांच्या गजरात फाटकापर्यंत पोचवलं.

निवृत्तीनंतर एकदा ती नवऱ्याला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या दुकानात गेली. तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं. काउंटरवरचा तरुण नवीन होता. नवऱ्याने आपला नंबर सांगितला, तसा तो नम्रपणे म्हणाला, "बसा काका. दोन्ही पायांचं माप घेतो. आमच्याकडे सगळ्यांचंच घेतो."

नवरा म्हणाला, "अरे, माझे पाय धडधाकट आहेत बाबा."

"असू द्या की. दोन मिनिटं लागतील."

त्याने डावा मोजला, उजवा मोजला, पुन्हा डावा मोजला. "काका, तुमचा डावा अर्ध्या नंबराने मोठा आहे. बूट डावीकडे चावत नाही का?"

नवरा खजील होऊन माईकडे बघायला लागला. "चावतो की. कायमच चावतो. मला वाटलं, सगळ्यांचाच चावत असेल."

माईने कपाळावर हात मारला. "अहो, उभा जन्म माझ्याबरोबर काढलात! जगभराचे पाय मी मोजले आणि घरातला माणूस दात-ओठ खात चालत होता! बोलायचंत तरी!"

"क्लच दाबून दाबून वाढला असेल गं," तो पुटपुटला.

काउंटरवरचा तरुण हसू दाबत म्हणाला, "हरकत नाही काकू. शुक्रवारी कापतात, पुढच्या आठवड्यात जोडी येईल. किंमत एका जोडीचीच."

"ठाऊक आहे," माई म्हणाली. आपण कोण, ते तिने सांगितलं नाही. पोरगा नियमाप्रमाणे वागला होता, कुणासाठी खास असं काही त्याने केलं नव्हतं, आणि तिला तेच हवं होतं. ती बाकावर नवऱ्याशेजारी टेकली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तो काय विचारतो, ते कान देऊन ऐकायला लागली.